बादलीचे सात मार्क

मार्क वाढवायचे म्हणजे अभ्यास वाढवायचा, असं मानणारी माणसं आता फक्त गुणवंतांच्या सत्कार समारंभात, तीही अध्यक्षीय भाषणात, सापडतात. बाकीच्या महाराष्ट्राला केव्हाच कळलंय की अभ्यासाने मार्क मिळतात ते नव्वदपर्यंत. त्यापुढचे मिळत नाहीत, ते जमवावे लागतात. आणि नाव असलेल्या कॉलेजात प्रवेश मिळतो तो नेमका त्या जमवलेल्या मार्कांवर.

मला हे ज्ञान ताईकडे झालं. ताई ठाण्याला असते. एकदा जूनमध्ये मी तिला घरातल्या एका लग्नाचं आमंत्रण करायला गेलो, तर दारातच म्हणाली, "यंदा काही जमायचं नाही रे. आमच्याकडे दहावी आहे."

"अगं, पण पोरगी नववीत आहे ना?"

"मग? तेच म्हणतेय मी."

आपल्याकडे हे वाक्य सुतकासारखं चालतं. एकदा उच्चारलं की लग्न-मुंजीला जावं लागत नाही, पाहुणे जिन्यातूनच परत फिरतात आणि टीव्हीचा आवाज शेजारचेही कमी करतात. भावजींनी तर याच वाक्यावर स्वतःची बदली थोपवली. साहेबांच्या घरी बारावी होती. त्यांनी एक शब्द न बोलता फाईल खाली सरकवली म्हणे.

नववीतच दहावी सुरू करण्यामागे मात्र ताईचा स्वभाव नव्हता, इतिहास होता. त्यांच्या चौथ्या मजल्यावरच्या काकूंचा मुलगा 2021 च्या बॅचचा. नववीला कोण विचारतो, या सर्वमान्य तत्त्वावर त्याने नववीचं अख्खं वर्ष मैदानावर घालवलं आणि दहावीत मान मोडून अभ्यास केला. मग कोरोनाने परीक्षाच रद्द झाली आणि निकालाचं सूत्र आलं: 50 गुण नववीच्या निकालावर, 30 दहावीच्या वर्षभरातल्या अंतर्गत मूल्यमापनावर आणि 20 तोंडी-प्रात्यक्षिकांवर. राज्याचा निकाल लागला 99.95 टक्के. तो पोरगाही पास झालाच, नापास व्हायची सोयच नव्हती. पण त्याने दहावीत केलेला अभ्यास कुठल्याच रकान्यात बसेना. तेव्हापासून त्या इमारतीत कुठलीही इयत्ता कोणी हलकी समजत नाही. पहिल्या मजल्यावरची एक आई ज्युनियर केजीच्या प्रगतिपुस्तकाच्या झेरॉक्स काढून ठेवते. सांगता येत नाही, म्हणते.

भावजी हिशेबी माणूस. त्यांनी मला समोर बसवलं आणि वहीच्या मागच्या पानावर गणित मांडलं.

"हे बघ. विषय सहा, मार्क सहाशे. पण धरतात सहातले उत्तम पाच. म्हणजे पाचशे. एक मार्क म्हणजे पॉइंट दोन टक्के. आता कटऑफ हुकतो कितीने? पॉइंट दोनने, नाहीतर पॉइंट चारने. म्हणजे एका-दोन मार्कांचा खेळ. हे दोन मार्क अभ्यासाने आणायचे तर पोरीला तीन महिने रात्री बारापर्यंत जागावं लागेल. तीही जागणार, आम्हीही जागणार. आणि बादली काढली तर सात मिळतात."

"बादली?"

"बादली," ते शांतपणे म्हणाले आणि त्यांनी हॉलच्या कोपऱ्याकडे बोट केलं.

कोपऱ्यात स्टुलावर खरोखरच एक बादली होती. शेजारी किटली, दोन कांदे, एक वांगं आणि मागे खुर्चीवरून मुद्दाम तीन चुण्या पाडून सोडलेली ताईची जुनी साडी. डावीकडून प्रकाश यावा म्हणून टेबललॅम्प लावलेला. कला संचालनालयाच्या इंटरमिजिएट परीक्षेची ती तयारी होती. अ श्रेणी आली तर दहावीच्या बेरजेत 7 गुण जादा, ब आली तर 5, क आली तर 3. भाची फळ्यावरचं सुद्धा सरळ रेषेत उतरवून घेत नसे, पण सात म्हणजे एक पूर्णांक चार दशांश टक्के, हे कळल्यावर घरातल्या सगळ्यांनाच तिच्या बोटांत कला दिसू लागली. बादलीला हात लावायची कुणाला परवानगी नव्हती, कारण सावली हलते. त्या काळात भावजी पातेल्याने आंघोळ करत. कांदे मात्र दर तीन दिवसांनी बदलावे लागत. त्यांना कोंब फुटत.

सगळ्यांत मजा होती ती स्मरणचित्राची. परीक्षेत विषय येतो भाजी मंडई, नाहीतर बसथांबा, नाहीतर गणपतीची मिरवणूक, आणि ते प्रसंग आठवून काढायचे असतात. क्लासच्या सरांनी भाचीकडून पाच माणसं पाठ करून घेतली होती. फक्त पाच. एक पाठमोरा पुरुष, कारण पाठमोऱ्याला नाक-डोळे लागत नाहीत. एक वाकलेली बाई. एक कडेवर मूल घेतलेली. फुगा धरलेला मुलगा. आणि कडेला अर्धाच दिसणारा माणूस, जो कागदाबाहेर चाललेला असल्याने त्याचा उरलेला अर्धा काढायचं काम वाचतं. या पाचांच्या हातात पिशव्या दिल्या की मंडई होते. छत्र्या दिल्या की पावसाळ्यातला दिवस. मागे खांब आणि पाटी उभी केली की बसथांबा. मखर ठेवून गुलाल उडवला की मिरवणूक. मी विचारलं, "आणि रेल्वे अपघात आला तर?" भाची म्हणाली, "वाकलेली बाई आहे ना मामा, तिला आडवी करायची."

अ श्रेणी आली. बादली न्हाणीघरात परत गेली ती कोळशाच्या रेघांसकट.

जादा गुणांच्या या राज्यात चित्रकला ही सगळ्यांत सोपी वाट. खेळाचेही गुण असतात, पण त्यासाठी खेळावं लागतं. दुसऱ्या मजल्यावरच्या एका बाबांनी यावर बराच विचार करून, जिल्ह्यात सगळ्यांत कमी मुलं कुठला खेळ खेळतात याची चौकशी चालवली होती. शास्त्रीय नृत्य आणि गायन आहे, लोककला आहे. ज्यांच्या सात पिढ्यांत कुणी डफ धरला नाही अशा घरांतून पोवाड्याचे सूर ऐकू येऊ लागले ते याच सुमाराला. मी याला नावं ठेवणार नाही. लोककला टिकवण्याचे इतके प्रयत्न झाले, पण गुणपत्रिकेत अधिकचं चिन्ह टाकण्याइतका गुणकारी दुसरा सापडलेला नाही.

मग आला उत्तम पाचचा प्रश्न. सहातला एक विषय बेरजेतून गळतो म्हटल्यावर कुठला गाळायचा, यावर दिवाळीत बैठक बसली. तत्त्वतः कमी मार्कांचा विषय निकालात आपोआप गळतो, आपण काही करायचं नसतं. पण भावजींचं म्हणणं, गळायचाच आहे तर आधीपासून ठरवून त्याच्यावरचा वेळ वाचवावा. मताधिक्याने सामाजिक शास्त्रं गेली. म्हणजे इतिहास, राज्यशास्त्र आणि भूगोल एकाच फटक्यात. आजोबा कळवळले. "अरे, इतिहास सोडता? महाराष्ट्रात राहून?" भाचीने त्यांची समजूत घातली, "आजोबा, सोडला म्हणजे पास व्हायचंच आहे. फक्त जीव लावायचा नाही."

आजोबांसाठी संस्कृत ठेवलं होतं. संस्कृत कशासाठी घेतात हे आजोबांना ठाऊक नव्हतं आणि ते त्यांना कुणी सांगितलंही नाही. त्यांना वाटलं, संस्कार. प्रत्यक्षात दहावीत संस्कृत घेतात ते स्कोअरिंग म्हणून. त्याच्या पेपरात मतं मागत नाहीत, रूपं मागतात, आणि रूप बरोबर तरी असतं नाहीतर चूक तरी. एका संध्याकाळी देवापुढे दिवा लावताना आजोबांनी कौतुकाने तिला एका सुभाषिताचा अर्थ विचारला. तिने दोन ओळी ऐकल्या आणि म्हणाली, "हे पोर्शनमध्ये नाहीये."

मराठीत निदान मत तरी विचारतात. मराठीची आता प्रश्नपत्रिका नसते, कृतिपत्रिका असते. चौकटी पूर्ण करा, ओघतक्ता भरा, आणि शेवटी स्वमत. हे स्वमतही क्लासमध्ये मिळतं. भाचीच्या वहीत निसर्गाविषयीचं तिचं स्वमत आठ ओळींचं होतं, आणि तिच्या मैत्रिणीचंही तेच होतं, फक्त तिने शेवटी झाडे लावा असं जास्तीचं लिहिलं होतं.

कुणाला वाटेल, हे सगळं पालकांचं खूळ. पण सरकारनेही हाच उद्योग केलाय, आणि भावजींकडे त्या सगळ्याची कात्रणं एका फाईलमध्ये लावलेली आहेत. आपल्या बोर्डाची मुलं अकरावीच्या यादीत आयसीएसई आणि सीबीएसईच्या मुलांच्या मागे पडतात, ही आपली जुनी जखम. 2008 साली पर्सेंटाइलचं सूत्र काढलं, ते उच्च न्यायालयात टिकलं नाही. 2009 मध्ये 90 टक्के जागा राज्य मंडळाच्या मुलांना ठेवायचं ठरवलं, तेही गेलं. 2010 मध्ये बेस्ट फाइव्ह आणलं, तेही उच्च न्यायालयात पडलं, पण सर्वोच्च न्यायालयात तरलं. ओळीने तीन वर्षं अकरावीची यादी कॉलेजच्या फलकाआधी कोर्टाच्या बोर्डावर लागायची. 2021 मध्ये मार्कांचा नाद सोडून अकरावीसाठी सरळ सीईटीच घेऊ म्हटलं, तर ऑगस्टमध्ये उच्च न्यायालयाने तीही रद्द केली. म्हणजे त्या वर्षी दहावीची परीक्षा नाही आणि तिच्या जागची परीक्षाही नाही. चौथ्या मजल्यावरच्या त्या पोराने सीईटीसाठी मात्र मन लावून अभ्यास केला होता. काही माणसांचे ग्रहच तसे.

मंडळाने एकदा उलटा प्रयोगही करून पाहिला. शाळा तोंडी परीक्षेचे वीसपैकी वीस वाटतात, असा बोभाटा झाला म्हणून भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे ते गुण बंद केले. त्याआधी, 2018 मध्ये, निकाल होता 89.41 टक्के. 2019 मध्ये तो 77.10 वर आला. एवढा हाहाकार उडाला की तोंडीचे गुण मुकाट्याने परत आले, आणि 2020 मध्ये निकाल 95.30 झाला. याचा अर्थ महाराष्ट्रातली मुलं एका वर्षात ढ झाली आणि पुढच्याच वर्षी पूर्वीपेक्षा हुशार झाली. भाचीची मराठीची तोंडी परीक्षा मी स्वतः तिच्याकडून ऐकली आहे. बाईंनी विचारलं, "तुझी आई बरी आहे का आता?" ती म्हणाली, "हो बाई." वीस.

परीक्षेचं मी काही सांगत नाही. दही-साखर, केंद्राबाहेरच्या आया, पुरवण्या किती घेतल्या यावरून होणारी रडारड, हे सगळं सगळ्यांनी पाहिलंय.

मे 2025 मध्ये निकाल लागला. भाचीला उत्तम पाचात 466, अधिक बादलीचे 7. एकूण 473. चौऱ्याण्णव पॉइंट साठ.

मी पेढे घेऊन पोचलो तेव्हा घरात कुणीतरी गेल्यासारखी शांतता. भावजी फोनवर होते. पलीकडून विचारत होते किती, हे सांगत होते चौऱ्याण्णव साठ, आणि पलीकडचा म्हणत होता, "असू दे, असू दे. होईल काहीतरी." कारण त्या वर्षी राज्याचा निकालच 94.10 टक्के होता, आणि शंभर टक्के मिळवलेली मुलं होती 211. शंभर टक्के. त्यांतली 113 एकट्या लातूर विभागाची. लातूर पॅटर्न आपण लहानपणापासून ऐकतोय, पण पॅटर्न म्हणजे निम्म्याहून जास्त शंभरवाले एकाच विभागात, हे वाचून भावजी दिवसभर खिन्न होते. "आपण ठाण्यात फ्लॅट घेतला तिथेच चुकलो," एवढंच म्हणाले.

शंभरच्या पुढे मार्क वाढवता येत नाहीत, ही या शास्त्राची मोठी अडचण आहे. दिल्लीला ती आपल्या आधी भेडसावली. 2011 साली तिथल्या श्रीराम कॉलेज ऑफ कॉमर्सने, बारावीला कॉमर्स नसलेल्या मुलांसाठी, बी.कॉम.चा पहिला कटऑफच 100 टक्के लावला होता. शेवटी 2022 पासून दिल्ली विद्यापीठाने बारावीच्या मार्कांवर प्रवेश देणं थांबवून वेगळी प्रवेश परीक्षा सुरू केली. बारावीच्या मार्कांनी शंभरी गाठली की ते असे निवृत्त होतात आणि कोचिंग क्लासवाले नव्या परीक्षेचे हारतुरे घेऊन दारात उभे राहतात.

आमच्या निकालाच्या दुसऱ्या दिवशीच्या पेपरात सगळ्या विषयांत बरोबर पस्तीस मिळवलेल्या एका पोराचा फोटो होता. मित्रांनी खांद्यावर घेतलेला, गुलाल, ताशा. दरवर्षी असा एकतरी निघतोच. मला विचाराल तर खरा अचूकपणा त्याचा. शंभरवाल्याला पुढे जायला जागाच नव्हती; याला दोन्ही बाजूंना मोकळं रान होतं. शिवाय त्याच्या घरी पेढे संपले होते आणि आमचे तसेच पडून होते.

ताईने अकरावीच्या पसंतीक्रमाचा कच्चा कागद केला. दहा कॉलेजं लिहिता येतात. पहिलं रुईया, दुसरं रुपारेल, मग हळूहळू मध्य रेल्वेने घराकडे. यात डाव असा असतो की पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं तर ते घ्यावंच लागतं, नाहीतर पुढच्या फेऱ्यांतून बाहेर. त्यामुळे पहिल्या क्रमांकावर खरं आवडतं लिहावं की मिळण्यासारखं लिहावं, यावर नवरा-बायकोत जो वाद झाला तसा त्यांच्या लग्नाच्या याद्या करतानाही झाला नव्हता. खरं सांगायचं तर राज्यात अकरावीच्या जागा दहावी पास झालेल्या मुलांपेक्षा काही लाखांनी जास्त होत्या. दरवर्षी वर्गच्या वर्ग रिकामे राहतात. पण रिकाम्या वर्गात पोरगी बसवायला कुणी बादली काढत नाही.

कागद पक्का करण्याआधी भावजी म्हणाले, इंजिनीअरिंगचा क्लास ठरवून घेऊ, म्हणजे कॉलेजची वेळ त्याप्रमाणे बघता येईल. आम्ही चौघं गेलो. एसी केबिन, काचेचं टेबल, समोर समुपदेशक मॅडम. ताईने गुणपत्रिका पुढे केली. मॅडमनी ती उलटी न करताच परत दिली.

"कॉलेज कुठलं बघताय?"

"रुईया," ताई म्हणाली. "नाहीतर रुपारेल."

"ते नको. तिकडे हजेरी बघतात. आमची बॅच सकाळी आठ ते दुपारी तीन असते. आमच्याशी जोडलेलं कॉलेज आहे, तिथे नाव घालून टाका. प्रॅक्टिकलपुरतं जायचं."

"त्याचा कटऑफ किती?" भावजींनी वही काढली.

"कटऑफ नसतो सर. जागा आहेत."

भावजींनी वही मिटली. मॅडम समजावून सांगू लागल्या. राज्यातल्या इंजिनीअरिंगला प्रवेश सीईटीवर, बारावीला खुल्या गटात फिजिक्स-केमिस्ट्री-मॅथ्स मिळून 45 टक्के असले की झालं. आयआयटीसाठी 75 लागतात, पण ते काय, पडतातच. दहावी? दहावी कुठेच विचारत नाहीत.

"मग हे चौऱ्याण्णव साठ?" ताईचा आवाज जरा चिरकला. दोन वर्षं, एक बादली, सगळा इतिहास आणि निम्मं जग तिच्या डोळ्यांपुढून गेलं असावं.

"ते वाया नाही जात मॅडम," त्या हसल्या. "फोटो द्या मुलीचा. दहावीच्या यशस्वी विद्यार्थ्यांच्या फ्लेक्सवर लावू."

"पण ती दहावीला तुमच्याकडे नव्हती."

"आता आहे ना."

भाचीने लगेच मोबाइलमध्ये बरा फोटो शोधायला घेतला. भावजी तोवर फीच्या कागदावर पोचले होते. आकडा वाचून त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला. मॅडमनी पेनाच्या टोकाने खालची बारीक ओळ दाखवली. दहावीला नव्वदच्या वर असेल तर फीमध्ये दहा टक्के सवलत. पंच्याण्णव आणि पुढे, पंचवीस टक्के.

"पंच्याण्णव म्हणजे चारशे पंच्याहत्तर," भावजी स्वतःशीच पुटपुटले. "दोन मार्क." मग मान वर करून त्यांनी विचारलं, "मॅडम, उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवायची मुदत संपली का हो?"

"नाही, अजून आठवडा आहे," मॅडम समोरच्या स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाल्या. "पण मराठीची मागवू नका, स्वमतात काही वाढत नाही. सायन्सची मागवा. आकृतीला अर्धा-अर्धा मिळतो."

"आकृत्या तिच्या चांगल्या आहेत," भावजी म्हणाले. "इंटरमिजिएटला अ श्रेणी आहे."